घटक ४ : नावामागचे नाव – ‘व्हॅनेसा’, ‘रमा’ आणि ‘आनंदी’



मागील घटकात आपण स्थलनामांचा विचार केला. प्रस्तुत घटकात आपण व्यक्तिनामांकडे वळणार आहोत. विषयाला सुरुवात करण्यापूर्वी संपर्कसत्रातील एक प्रसंग सांगावासा वाटतो. पडघ्याहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने प्रवेशअर्ज भरता भरता लेखणी मध्येच थांबवली आणि विचारले, “सर, नाव कोणतं लिहू? शाळेतलं की आताचं?” दहावीच्या गुणपत्रिकेवर एक नाव, आधारपत्रावर दुसरे, आणि घरात सासूबाई हाक मारतात ते तिसरे. तिच्या शेजारी बसलेल्या, वसईहून लग्न होऊन भिवंडीला आलेल्या विद्यार्थिनीचा प्रश्न निराळा होता. तिच्या भाचीचे नाव ‘व्हॅनेसा’ ठेवले होते आणि नावांच्या पुस्तकात त्याचा अर्थ ‘फुलपाखरू’ असा छापलेला होता. तो खरा का, असे ती विचारत होती.

वरवर पाहता या दोन प्रश्नांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तो आहे, हे या घटकात दाखवावयाचे आहे. व्यक्तिनामाविषयी आपण बहुधा ‘अर्थ काय?’ एवढेच विचारतो. अभ्यासकाने त्याबरोबरच विचारले पाहिजे की, ते नाव कोणी ठेवले, कोणत्या प्रसंगी ठेवले, आणि त्या व्यक्तीचे आधीचे नाव कोणते होते?

४.१ ‘व्हॅनेसा’ची जन्मकथा

बहुतेक नावांचा जन्मदिवस सांगता येत नाही. ‘व्हॅनेसा’ हे नाव मात्र कोणी घडविले ते निश्चित ठाऊक आहे. बार्थोलोम्यू व्हॅन होमरी नावाचा एक वलंदेज, म्हणजे डच, व्यापारी सतराव्या शतकात आयर्लंडमध्ये डब्लिन येथे स्थायिक झाला आणि पुढे त्या शहराचा महापौरही झाला. त्याच्या मुलीचे नाव एस्थर. वडिलांच्या मृत्यूनंतर हे कुटुंब लंडनला गेले. तेथे तिचा परिचय जोनाथन स्विफ्ट या लेखकाशी झाला. ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’चा कर्ता तो हाच. वयाने तो तिच्याहून वीस वर्षांनी मोठा होता. त्याने तिला शिकविले, तिच्याशी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार केला आणि तिच्यावर एक दीर्घ कविता लिहिली. त्या कवितेत तिला खऱ्या नावाने आणणे शक्य नव्हते. म्हणून त्याने तिच्या आडनावातील ‘व्हॅन’ घेतला, ‘एस्थर’ या नावाच्या लाडक्या रूपातून ‘एसा’ घेतले आणि दोहोंचा सांधा जुळवून ‘व्हॅनेसा’ हे नाव तयार केले. स्वतःसाठीही त्याने टोपणनाव योजले. तो १७१३ साली डब्लिनच्या सेंट पॅट्रिक चर्चचा डीन झाला होता. ‘डीन’साठी असलेल्या ‘डेकानुस’ या लॅटिन शब्दाची अक्षरे उलटसुलट करून त्याने ‘कॅडेनस’ हे नाव बनविले.

यातील ‘व्हॅन’ या घटकाकडे मराठीच्या विद्यार्थ्याने विशेष लक्ष द्यावे. डच भाषेत ‘व्हॅन’ म्हणजे ‘च्या’, ‘येथून आलेला’. चित्रकार व्हॅन गॉग याच्या आडनावात गॉख या गावाची खूण आहे. आपल्याकडे हेच काम ‘-कर’ हा प्रत्यय करतो : पुणेकर, वेंगुर्लेकर, भिवंडीकर. फरक इतकाच की डचांचा घटक गावाच्या आधी येतो, आपला नंतर. म्हणजे स्विफ्टने केले ते असे : एखाद्या भिवंडीकरांच्या सुमनला तिच्या आडनावातला नुसता ‘कर’ आणि घरातली ‘सुमी’ जोडून ‘करसुमी’ म्हणावे! आपल्याला हसू येईल. पण व्हॅनेसाची घडण तंतोतंत अशीच आहे. त्या नावाचा अर्धा भाग पित्याच्या कुळाचा, अर्धा तिच्या लाडाच्या हाकेचा, आणि सांधणारा हात तिसऱ्याच माणसाचा.

आणखी एक गोष्ट. स्विफ्टच्या आयुष्यात एस्थर नावाच्या दोन स्त्रिया होत्या. दुसरी एस्थर जॉन्सन. तिला त्याने ‘स्टेला’ हे नाव दिले. स्टेला म्हणजे लॅटिनमध्ये तारका. आणि ‘एस्थर’ या नावाचा संबंध अभ्यासक फार्सी ‘सितारा’शी जोडतात. म्हणजे एका एस्थरच्या नावाचे जणू भाषांतर झाले, दुसरीच्या नावाची मोडतोड झाली. मूळ नाव दोघींचेही उरले नाही. एस्थर व्हॅन होमरी १७२३ साली वारली. तिने आपली मालमत्ता ज्या दोघांच्या नावे केली त्यांत तत्त्वज्ञ जॉर्ज बर्कली होता. स्विफ्टचा त्या मृत्युपत्रात उल्लेखही नाही. कविता प्रसिद्ध झाली ती तिच्या मृत्यूनंतर, १७२६ मध्ये. ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ही त्याच वर्षीचे.

४.२ प्रसार आणि लोकव्युत्पत्ती

यानंतरही दीर्घकाळ ‘व्हॅनेसा’ हे नाव पुस्तकातच राहिले. १८०७ साली फॅब्रिशियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने फुलपाखरांच्या एका कुळाला ते दिले. बहुधा स्विफ्टच्या कवितेवरूनच. त्या कुळातले ‘पेंटेड लेडी’ हे फुलपाखरू महाराष्ट्रातही आढळते. तेव्हा आपल्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर असे : फुलपाखरामुळे नाव आले नाही, नाव आधी होते, कविता छापल्यानंतर ८१ वर्षांनी ते फुलपाखराला मिळाले. नावांच्या पुस्तकांत दिलेले अर्थ पुष्कळदा असे उलट्या दिशेने तयार झालेले असतात. शब्दाचे मूळ विसरले गेले की लोक त्याला सोयीचे, सुंदर मूळ देतात. यालाच आपण लोकव्युत्पत्ती म्हणतो.

इंग्लंडमध्ये चित्रकार व्हॅनेसा बेल हिचा जन्म १८७९ चा. त्या काळी हे नाव दुर्मीळच होते. अभिनेत्री व्हॅनेसा रेडग्रेव्ह १९३७ साली जन्मली. विसाव्या शतकात कादंबरी, संगीतिका आणि चित्रपट यांच्या द्वारे ते घरोघरी पोहोचले, आणि आज मुंबई, वसई, गोवा येथील ख्रिस्ती कुटुंबांतही ते ऐकू येते.

येथे एक मुद्दा जाता जाता नोंदवू. वलंदेज आपल्या किनाऱ्याला अपरिचित नव्हते. सतराव्या शतकात वेंगुर्ल्याला त्यांची वखार होती. तिचे अवशेष अजून उभे आहेत. ‘वलंदेज’ हा शब्दही पोर्तुगीजांच्या तोंडून मराठीत आला. तरीही वलंदेजांची नावे मराठी घरांत रुजली नाहीत, पोर्तुगिजांची रुजली. वसईवर पोर्तुगिजांचा अंमल १५३४ पासून १७३९ पर्यंत, दोनशे वर्षांहून अधिक होता. त्यांनी धर्म दिला, आणि बाप्तिस्म्याबरोबर नाव दिले. वलंदेज मिरी आणि कापड घेऊन गेले. नुसत्या व्यापाराने वस्तूंची नावे भाषेत येतात. माणसांची नावे यायला घराचा आणि धर्माचा दरवाजा उघडावा लागतो.

४.३ दोन एस्थर, दोन यमुना

आता पडघ्याकडे येऊ. मुंबई-नाशिक महामार्गालगतच्या या गावापासून कल्याण फार दूर नाही. ३१ मार्च १८६५ रोजी त्या कल्याणात एक मुलगी जन्मली. तिचे नाव यमुना. नवव्या वर्षी, १८७४ मध्ये, टपाल खात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी तिचा विवाह झाला आणि ती आनंदी झाली. तिच्या आदल्याच वर्षी कुर्लेकरांच्या घरातील दुसऱ्या एका यमुनेचा विवाह न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला होता. ती रमा झाली. स्विफ्टच्या दोन एस्थर आणि आपल्या या दोन यमुना यांच्यातील साम्य मला प्रथम लक्षात आले तेव्हा ते योगायोगापलीकडचे वाटले. हा योगायोग नव्हे, प्रथा आहे. डब्लिनच्या कवीने जे खासगीत केले, ते आपल्याकडे भर मांडवात, तबकातल्या तांदळावर अंगठीने नाव लिहून होत आले.

नाव घडविण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. रानडे यांना माधवराव म्हणत. माधव म्हणजे विष्णू, म्हणून पत्नी रमा. नारायण वामन टिळक यांची पत्नी माहेरची मनकर्णिका गोखले. नारायणाला साजेशी ती लक्ष्मी झाली, आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहिणारी लक्ष्मीबाई टिळक म्हणून आपण तिला ओळखतो. व्हॅनेसाच्या नावात पित्याचे आडनाव दडलेले आहे, तर रमा आणि लक्ष्मी या नावांत पतीचे नाव दडलेले आहे. आनंदी आणि गोपाळ ही मात्र लक्ष्मी-नारायणासारखी पुराणातली ठरीव जोडी नव्हे. तरीही श्री. ज. जोशी यांच्या कादंबरीने ‘आनंदी गोपाळ’ ही दोन नावे अशी जोडली की आता एकाशिवाय दुसरे उच्चारले जात नाही.

पण येथे घाईने निष्कर्ष काढू नये. आनंदीबाई १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातील महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. झाल्या आणि पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाच्या अवघ्या २१ व्या वर्षी वारल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथील स्मारकशिळेवर नाव आहे ते आनंदीबाई जोशी. यमुना तेथे नाही. दुसऱ्याने दिलेले नाव त्यांनी आपल्या कर्तृत्वाने आपलेसे केले, असे म्हणता येईल. रमाबाई आणि लक्ष्मीबाई यांनी तर त्या नावांनी आत्मचरित्रे लिहिली. व्हॅनेसाच्या बाबतीत तसे घडले नाही. तिची ओळख कवितेपुरतीच उरली. नाव लादले जाते हे खरे. पुढे त्याचे काय होते हे ठरायला मात्र धारण करणाऱ्याच्या हाती काही संधी यावी लागते.

याउलट एक उदाहरण इरावती कर्वे यांचे. त्यांचा जन्म १९०५ मध्ये ब्रह्मदेशात झाला आणि तिथल्या नदीवरून त्यांचे नाव ठेवले गेले. लग्नानंतर करमरकरांच्या इरावती कर्व्यांच्या झाल्या. पण इरावतीच राहिल्या.

४.४ नाव आणि कागद

आपल्या परिसरातील नावे या दृष्टीने ऐका. ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी पाड्यांवर जन्मवारावरून ठेवलेली सोमी, मंगळ्या, बुधी अशी नावे जुन्या पिढीत आढळतात. मुले जगत नसत तेथे धोंडू, दगडू, कचरू अशी नावे ठेवीत. यमाला हेवा वाटू नये हा हेतू. त्यांत अवहेलना नाही, भीती आणि माया आहे. ‘नकुसा’ या नावात मात्र माया शोधूनही सापडत नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात असे नाव असलेल्या २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली, आणि त्यांतील अनेकींनी आपले नवे नाव स्वतः निवडले. नाव बदलण्याच्या मराठी परंपरेत ही गोष्ट वेगळी उठून दिसते.

कागदोपत्री नाव बदलण्यासाठी महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात ते प्रसिद्ध करावे लागते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय नोंदीत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असा क्रम राज्याने ठरविला आहे. म्हणजे आईचे नाव आता मुलाच्या नावात उतरणार. ते माहेरचे की सासरचे, हा प्रश्न ज्या घरांत उभा राहील त्या घरांना आपल्या पडघ्याच्या विद्यार्थिनीची अडचण समजेल. तिने त्या दिवशी अर्जावर गुणपत्रिकेतील नाव लिहिले. पुढच्या सत्रात हजेरीच्या वेळी ते पुकारले तेव्हा ती क्षणभर गप्पच राहिली. वीस वर्षांत त्या नावाने तिला कोणी हाक मारलेली नव्हती.

स्वाध्याय

आपल्या कुटुंबातील किंवा शेजारच्या तीन विवाहित ज्येष्ठ स्त्रियांना त्यांचे माहेरचे नाव विचारा. सासरचे नाव कोणी सुचविले, ते पतीच्या नावाशी जुळवून ठेवले होते का, आणि माहेरच्या नावाने आज त्यांना कोण हाक मारते, याची त्यांच्याच शब्दांत नोंद करा. बोलीतील उच्चार जसेच्या तसे लिहा. ते ‘शुद्ध’ करू नका. नावे नोंदविण्यापूर्वी त्यांची संमती घ्या.