मोजणारी मुलगी

मुलांनो, शाळेत येताना तुम्ही कधी पायऱ्या मोजल्या आहेत का? अमेरिकेतील एका मुलीला मोजण्याचा फार नाद होता. तिचे नाव कॅथरीन कोलमन. घरापासून रस्त्यापर्यंत किती पावले, चर्चला किती पायऱ्या, धुतलेल्या ताटल्या किती, सारे ती मोजी.

कॅथरीनचा जन्म २६ ऑगस्ट १९१८ रोजी वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील व्हाइट सल्फर स्प्रिंग्ज या गावी झाला. ती इतकी हुशार होती, की दहाव्या वर्षीच हायस्कूलमध्ये जाण्याजोगी झाली. पण त्या काळी तेथे गोऱ्या व कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा वेगळ्या असत. कृष्णवर्णीय मुलांसाठी गावात आठवीच्या पुढे शाळाच नव्हती. मग कॅथरीनने शिकायचे कोठे?

तिचे आईवडील स्वस्थ बसले नाहीत. सुमारे १९० किलोमीटर दूर, इन्स्टिट्यूट नावाच्या गावी कृष्णवर्णीय मुलांसाठी हायस्कूल होते. वडिलांनी तेथे भाड्याने घर घेतले. शाळेच्या दिवसांत आई चारही मुलांना घेऊन तेथे राही. वडील मात्र गावीच राहून काम करीत.

हायस्कूलच्या गणितात काय असते बरे? एक मीटर लांबीची काठी उन्हात सरळ उभी धरा. समजा, तिची सावली दोन मीटर पडली. त्याच वेळी झाडाची सावली बारा मीटर पडली, तर झाड सहा मीटर उंच आहे. झाडावर न चढता उंची कळली! त्रिकोणाच्या बाजू आणि कोन यांचे असे नाते शिकवणारे गणित म्हणजे त्रिकोणमिती.

आता १०० ला १००० ने गुणा. दोन शून्ये आणि तीन शून्ये मिळून पाच शून्ये. उत्तर १,००,०००. मोठे गुणाकार असे बेरजेने करता यावेत, म्हणून स्कॉटलंडच्या जॉन नेपियर यांनी १६१४ मध्ये कोष्टके प्रसिद्ध केली. या युक्तीला लॉगरिथम म्हणतात.

कॅथरीन चौदाव्या वर्षी हायस्कूल आणि अठराव्या वर्षी कॉलेज उत्तीर्ण झाली. काही वर्षे तिने शाळेत शिकवले. पुढे दुसऱ्या लग्नानंतर ती कॅथरीन जॉन्सन या नावाने ओळखली जाऊ लागली. १९५३ मध्ये कॅथरीन विमानांच्या संशोधन केंद्रात हिशेब करण्याच्या कामावर रुजू झाल्या. तेच केंद्र पुढे 'नासा' या अवकाश संस्थेचा भाग झाले.

१९६२ साली जॉन ग्लेन यानातून पृथ्वीभोवती फिरणार होते. यानाचा मार्ग नव्या संगणकाने काढला होता. पण ग्लेन यांचा भरवसा माणसाच्या हिशेबावर होता. कॅथरीन यांनी आकडे तपासावेत, मगच मी निघेन, असे त्यांनी सांगितले. कॅथरीन यांनी सुमारे दीड दिवस बसून सारे आकडे पुन्हा काढले. काठी आणि सावलीप्रमाणे येथेही कोनांचाच हिशेब होता, पण चूक झाली तर एका माणसाचा जीव जाणार होता. आकडे जुळले. २० फेब्रुवारी रोजी ग्लेन पृथ्वीला तीन प्रदक्षिणा घालून सुखरूप परतले.

२०१५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी कॅथरीन यांना मोठे पदक देऊन गौरवले. २०२० मध्ये, वयाच्या १०१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मुलांनो, एखादे गणित अडले, तर वही मिटू नका. पुन्हा एकदा मोजून पाहा.

स्वाध्याय
१. कॅथरीनच्या आईवडिलांनी दुसऱ्या गावी घर का घेतले?
२. काठीच्या साहाय्याने शाळेच्या ध्वजस्तंभाची उंची काढा.