तुळस आत, बी बाहेर

अगं, परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, रानफुलांच्या बिया आणल्यात, एप्रिलमध्ये पेरीन." तेव्हाच टोकणार होते, पण तुझ्या कुकरला शिट्टी झाली आणि विषय राहिला. एप्रिलची वाट बघू नकोस. तुळशीचं लग्न लागलं की पेरून टाक.

इथे शिकागोकडे ऑक्टोबर सरत आला की आपण तुळस उचलून घरात आणतो. बिचारीचं लग्नही सोफ्याशेजारीच लागतं. त्यामुळे रोप म्हटलं की थंडीपासून जपायचं, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं. इलिनॉयच्या रानफुलांचं नेमकं उलटं आहे. मिल्कवीडच्या बीला महिनाभर तरी ओली थंडी लागते, ब्लेझिंग स्टारला दोन महिने. त्याशिवाय ती डोळे उघडत नाहीत. शहाणपणच आहे ते! ऑक्टोबरात चार दिवस ऊन पडलं म्हणून उगवलं, तर पहिल्याच कडक गारठ्यात कोंब मरायचा. आपल्याकडे तेरड्याचं बी नाही का, तडकून मातीत पडतं आणि पावसाळ्यापर्यंत गप्प राहतं? तो पावसाची वाट बघतो, ही हिवाळा सरायची.

मला हे कुठे ठाऊक होतं? पहिल्या वर्षी मी मे महिन्यात पेरलं, रोज पाणी घातलं, आणि एक कोंब दिसेल तर शपथ. दुकानदाराला मनातल्या मनात शिव्या घालून त्याच वाफ्यात झेंडू लावला. पुढच्या मे महिन्यात तिथेच समोरासमोर पानांच्या जोड्या वर आल्या. पान तोडलं तर पांढरा चीक. अगदी आपली रुई! आणि खरंच, दोघी एकाच कुळातल्या. शेंगेतून उडणाऱ्या म्हाताऱ्यासुद्धा तशाच. शनिवारी मारुतीला वाहायच्या रुईवर बिबळ्या कडवा फुलपाखरू अंडी घालतं, तसं इथलं मोनार्क मिल्कवीडवर. ती दोन फुलपाखरंही भाऊबंदच.

आता तुझ्या घरापुढच्या पट्टीचं. गवत खणून काढू नकोस. माती उलथली की खालचं तणाचं बी वर येतं. आत्ताच त्यावर पुठ्ठे अंथरून दगड ठेव. नोव्हेंबरात पुठ्ठे काढ, मेलेलं गवत दाताळ्याने ओढून काढ, माती उघडी दिसली पाहिजे. बी ओलसर वाळूत कालव, रांगोळी सोडतो तसं चिमटीतून सोड आणि वरून बूट घालून चाल. बस्स. माती लोटू नकोस. वाइल्ड बर्गमॉटचं बी मोहरीहून बारीक, ते गाडलंस तर गेलंच. माती गोठते, सुटते, पुन्हा गोठते, तेवढ्यात बी आपोआप आत ओढलं जातं.

थोडं बी मागे ठेव. दुधाचे गॅलनचे रिकामे कॅन टाकतेस ना? तळाला भोकं पाड, मधोमध काप पण मुठीखाली जोडलेलं राहू दे, चार बोटं ओली माती घाल, बी टाक, चिकटपट्टी लाव, झाकण मात्र काढून टाक. मग ठेव मागच्या अंगणात बर्फात. आणि फ्रीझरचा शॉर्टकट नको. कोरडं बी नुसतं गोठवून काही होत नाही, ओल हवीच.

पाकीट उलटून वाच हं. नुसतं 'रानफुलं' लिहिलेल्या मिश्रणात बरेचदा कॅलिफोर्नियाची पॉपी नि युरोपातलं कॉर्नफ्लॉवर असतं. आपल्याला इथली हवीत: कोनफ्लॉवर, अ‍ॅस्टर, ब्लेझिंग स्टार. फॉरेस्ट प्रिझर्व्हमध्ये फिरताना शेंगा खिशात घालू नकोस, मनाई आहे. कुरणं बघायची तर लाइलच्या मॉर्टन आर्बोरेटममध्ये जाऊ; तिथली प्रेअरी 1962पासून माणसांनीच पुन्हा उभी केली आहे.

पहिल्या उन्हाळ्यात नुसती पानं दिसतील आणि नवरा हसेल. हसू दे. रोपं आधी मुळं धरतात. मिल्कवीडला फुलं यायला दोन-तीन वर्षं लागतात. माझ्या वाफ्यात रान माजलंय म्हणून शेजारीण तक्रार करायला आली होती, तेव्हा मी कडेने हातभर पट्टी कापून नीट ठेवली. मग ती गप्प बसली.

तुळशीच्या लग्नाला येशील तेव्हा दह्याचा रिकामा डबा आण. माझ्याकडच्या शेंगा वाळल्यात, बी काढून ठेवते.