हयगय, कागद आणि नुकसानभरपाई

आमच्या भागात दवाखान्यात गेलेला माणूस अधू होऊन परतला किंवा परतलाच नाही, म्हणजे जमलेली वडीलधारी मंडळी एकच वाक्य बोलतात : "नशिबात होतं ते झालं." अलीकडे याच्या अगदी उलट प्रकारही वर्तमानपत्रांतून वाचायला मिळतो. संतापलेले नातेवाईक दवाखान्याच्या काचा फोडतात, डॉक्टरांच्या अंगावर धावून जातात. अशा हल्ल्यांसाठी महाराष्ट्रात २०१० साली स्वतंत्र कायदा करावा लागला. एकीकडे मुकाट सोसणे आणि दुसरीकडे दगड उचलणे, या दोहोंच्या मध्ये तिसरी एक वाट आहे. चूक कोणाची, नुकसान किती, आणि ते कोणी भरून द्यावयाचे, हे शांतपणे न्यायासनापुढे मांडण्याची ती वाट. प्रस्तुत लेखात तिचा थोडक्यात परिचय करून देण्याचा प्रयत्न आहे. मी कायद्याचा विद्यार्थी नाही. घरातील एका घटनेमुळे या विषयाकडे वळलो. ती घटना शेवटी सांगेन.

प्रथम हयगय म्हणजे काय ते पाहू. कायद्याच्या दृष्टीने तिला तीन अंगे आहेत. एक, समोरच्या माणसाची काळजी घेण्याचे कर्तव्य असले पाहिजे. दोन, ते कर्तव्य पाळण्यात कसूर झालेली असली पाहिजे. तीन, त्या कसुरीमुळेच नुकसान झालेले असले पाहिजे. यांपैकी एक जरी अंग लंगडे पडले तरी दावा उभा राहत नाही. कसूर झाली पण इजा झाली नाही, तर भरपाई नाही. इजा झाली पण ती कसुरीमुळे नव्हे, मूळ आजारामुळे झाली, तरीही भरपाई नाही.

डॉक्टरांचे कर्तव्य कोणते, याचे उत्तर आपल्या महाराष्ट्रातील एका खटल्यात मिळते. १९५३ सालच्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका वीस वर्षांच्या तरुणाचे मांडीचे हाड मोडले. त्याला मोटारीने पुण्यास आणले. तेथे हाड बसवताना पुरेशी भूल न देता जोर लावण्यात आला, त्याचा धक्का बसला आणि त्याच रात्री तो दगावला, असा निष्कर्ष न्यायालयांनी काढला. वडिलांना तीन हजार रुपये भरपाई मंजूर झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६८ साली तेथेही निकाल कायम राहिला. 'जोशी विरुद्ध गोडबोले' या नावाने हा निवाडा प्रसिद्ध आहे. रोग्याला हाती घ्यावे की नाही हे ठरवताना, कोणते उपचार द्यावेत हे ठरवताना आणि प्रत्यक्ष उपचार करताना, अशा तीनही टप्प्यांवर डॉक्टरने वाजवी काळजी घेतली पाहिजे, असे न्यायालयाने त्यात सांगितले.

येथे 'वाजवी' हा शब्द महत्त्वाचा आहे. डॉक्टर रोग बरा करण्याची हमी देत नाही. त्या शाखेतील साधारण कुशल डॉक्टर जेवढी काळजी घेईल तेवढी त्याने घ्यावी, एवढीच अपेक्षा असते. दोन मान्य उपचारांपैकी त्याने एक निवडला आणि तो लागू पडला नाही, तर ती हयगय नव्हे. २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक भेद स्पष्ट केला. डॉक्टरला फौजदारी गुन्ह्यात दोषी धरावयाचे तर हयगय अत्यंत गंभीर स्वरूपाची असावी लागते. भरपाईच्या दाव्याला मात्र तेवढ्या गंभीर हयगयीची गरज नाही. तुरुंग आणि भरपाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे लोक रागाच्या भरात पहिलीच मागतात आणि दुसरी मागायची राहून जाते.

आता प्रश्न असा की, शस्त्रक्रियागृहाच्या बंद दाराआड काय घडले हे गरीब नातेवाइकांनी सिद्ध कसे करावे? याचे उत्तर तेव्हाच्या औरंगाबादेतील एका प्रकरणात आहे. जुलै १९६३ मध्ये चंद्रिकाबाई नावाची एक स्त्री तेथील सरकारी रुग्णालयात बाळंत झाली. तीन दिवसांनी तिच्यावर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर तिला ताप भरला, पोटात असह्य दुखू लागले. पोट पुन्हा उघडले तेव्हा आत पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळचा टॉवेल राहिलेला सापडला. २४ जुलै रोजी ती वारली. तिच्या पतीने व मुलांनी दावा लावला. खालच्या न्यायालयाने ३६,००० रुपये मंजूर केले. उच्च न्यायालयाने शासनाची जबाबदारी नाकारली. अखेर १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूमनामा पुन्हा कायम केला.

या निवाड्यातील दोन मुद्दे ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. टॉवेल नेमका कोणाच्या हातून राहिला हे कुटुंबाने दाखवून देण्याची गरज नाही. पोटात टॉवेल आपोआप जात नाही. तेथील कोणाची तरी हयगय झाली हे उघड आहे आणि नोकराच्या हयगयीबद्दल मालक, म्हणजे येथे शासन, जबाबदार आहे. दुसरा मुद्दा असा की, रुग्णालय चालविणे हे राज्याचे सार्वभौम कार्य आहे, म्हणून शासनावर दावा चालत नाही, हा युक्तिवाद न्यायालयाने फेटाळला. सरकारी दवाखान्यात फुकट उपचार घेणाऱ्याचा जीवही हिशेबात धरला गेला. मात्र हा हिशेब लागेपर्यंत तेहेतीस वर्षे उलटली होती, हेही विसरता येत नाही.

'घटना स्वतःच बोलते' हे जे तत्त्व टॉवेलच्या बाबतीत दिसते, तेच इमारतींनाही लागू पडते. दिल्लीच्या चांदणी चौकातील घंटाघर कोसळून काही माणसे मेली. घंटाघर नगरपालिकेच्या मालकीचे होते. ते सुमारे ऐंशी वर्षांचे होते आणि ज्या चुन्यात ते बांधले होते त्याचे आयुष्य चाळीस-पंचेचाळीस वर्षांचे, असे पुराव्यात आले. आतला दोष बाहेरून दिसत नव्हता, असे नगरपालिकेचे म्हणणे होते. १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, रस्त्याला लागून असलेल्या इमारतीची देखभाल करणे मालकाचे कर्तव्यच आहे. दोष दिसणारा असो वा छुपा, त्याने इजा झाली तर मालक सुटत नाही. चांगल्या स्थितीतील इमारत आपण होऊन रस्त्यावर पडत नाही. ती का पडली याचा खुलासा मालकाने करावयाचा, मेलेल्याच्या विधवेने नव्हे. पावसाळ्यात आपल्याकडे जुन्या चाळी, भिंती, सज्जे कोसळल्याच्या बातम्या येतात, तेव्हा हा निवाडा आठवावा.

नुकसान पैशात कसे मोजतात, हाही कुतूहलाचा विषय आहे. औषधोपचाराचा खर्च, बुडालेली मजुरी, पुढे बुडणारी मजुरी, सोसलेल्या वेदना आणि अपंगत्वामुळे आयुष्यभर येणारी उणीव, अशी ती वर्गवारी असते. पण जी व्यक्ती पगार आणतच नव्हती तिचे काय? १९८९ साली जमशेदपूर येथे एका समारंभात आग लागून अनेक स्त्रिया व मुले दगावली. त्या खटल्यात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या घरकामाचे मोल दरमहा ३,००० रुपये धरले. रक्कम कमी वाटेल. परंतु पहाटे चूल पेटविण्यापासून रात्री भांडी घासण्यापर्यंतच्या कामाला काही मोल आहे, हे न्यायालयाच्या हिशेबात उतरले. ज्यांच्या आईने कधी पगारपत्रकावर सही केलेली नाही, अशा आम्हा विद्यार्थ्यांना यातले महत्त्व वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

दाद मागावयाची कोठे? दिवाणी न्यायालयाचा मार्ग पूर्वीपासून आहे. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला आणि १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने शांता खटल्यात पैसे देऊन घेतलेले उपचार ही 'सेवा' असल्याचे ठरविले. जेथे काही रोग्यांकडून पैसे घेतात व काहींना मोफत तपासतात, तेथील मोफत रोगीही ग्राहकच ठरतात. जेथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात, त्या रुग्णालयाविरुद्ध मात्र ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही. तेथे दिवाणी दावाच करावा लागतो. जुन्या कायद्याच्या जागी आता २०१९ चा कायदा आहे. त्याखाली वैद्यकीय सेवा येतेच, हे २०२२ साली पुन्हा स्पष्ट झाले. तक्रारदार स्वतः जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे अर्ज करता येतो. वकील दिलाच पाहिजे असे बंधन नाही. सेवेपोटी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. सबळ कारण दाखविल्यास उशीर माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रिया, बालके, अपंग, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयातच विधी सेवा समिती असते, तेथे चौकशी करावी.

आणि आता कागद. दवाखान्यात दाखल झालेल्या रोग्याची कागदपत्रे डॉक्टरने उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवावीत आणि रोग्याने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यास बहात्तर तासांच्या आत द्यावीत, असा वैद्यक परिषदेचा २००२ सालचा नियम आहे. हा नियम किती जणांना ठाऊक आहे? मला स्वतःला गेल्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हता.

प्रारंभी म्हटलेली घटना ती हीच. माझा आतेभाऊ तीन वर्षांचा असताना त्याला सडकून ताप आला. आत्याने त्याला एका खाजगी दवाखान्यात दाखल केले. तेथे त्याला कमरेखाली इंजेक्शन दिले. ताप उतरला, पण उजवे पाऊल लुळे पडले. आज तो सतरा वर्षांचा आहे आणि पाय ओढत चालतो. पुढे एका मोठ्या शहरातील डॉक्टरांनी सांगितले की, इंजेक्शनची सुई शिरेजवळ गेली असली तर असे होऊ शकते. आजारानेही होऊ शकते. नक्की काय झाले ते जुने कागद पाहिल्याखेरीज सांगता येणार नाही. कागद नव्हते. आमच्या घरात ट्रंकेत रेशनकार्ड, सातबारा आणि शाळेचे दाखले एवढेच जपले जाते. दवाखान्याची चिठ्ठी औषध आणले की टाकून देतात. आत्यानेही तेच केले होते.

गेल्या वर्षी मुदतीच्या कायद्यासंबंधी वाचताना मला समजले की, अज्ञान मुलाचा दिवाणी दावा त्याच्या लहानपणी बुडत नाही. तो सज्ञान झाल्यावर जास्तीत जास्त तीन वर्षांपर्यंत त्याला स्वतः दावा करता येतो. मी धावतच आत्याकडे गेलो. म्हटले, अजून वेळ गेलेली नाही. त्यावर आतेभाऊच म्हणाला, "दादा, वेळ हाय, पण दाखवायचं काय?" मला उत्तर सुचले नाही. तीन वर्षे केव्हाच उलटली होती. दवाखान्याला कागद ठेवण्याचे बंधन राहिलेले नव्हते आणि आम्ही ते कधी मागितलेच नव्हते.

त्या डॉक्टरांची चूक झाली होती, असे मी येथे म्हणत नाही. कदाचित झालीही नसेल. पण हे 'कदाचित' आता आमच्या घरातून कधी जाणार नाही. कागद असता तर एक तर भरपाई मिळाली असती, नाही तर डॉक्टरांविषयीचा किंतु तरी मनातून गेला असता. कागद डॉक्टरविरुद्धच असतो असे नाही. प्रामाणिक डॉक्टरचे संरक्षणही त्याच कागदाने होते.

आपल्या महाविद्यालयात माझ्यासारखे अनेक विद्यार्थी आहेत, ज्यांच्या घरात पहिले वाचणारे डोळे त्यांचेच आहेत. घरचे कोणी दवाखान्यात असेल तर रोजचा केसपेपर, तपासण्यांचे अहवाल, पावत्या आणि घरी सोडतानाचे कार्ड यांच्या प्रती नम्रपणे पण न चुकता मागून घ्याव्यात. भिंत किंवा जिना पडून कोणी जखमी झाले तर त्याच दिवशी जागेची छायाचित्रे घ्यावीत, पंचनाम्याची प्रत मागावी, पाहणाऱ्यांची नावे लिहून ठेवावीत. समजुतीचे चार पैसे घेऊन, न वाचता, कोणत्याही कागदावर आईबापांना अंगठा उठवू देऊ नये. यासाठी वकील व्हावे लागत नाही. लिहितावाचता आले म्हणजे पुरे.

गेल्या दिवाळीत आजीच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. ती सुखरूप पार पडली, डॉक्टरही फार मायाळू होते. तरी निघताना मी सर्व कागदांच्या प्रती मागून घेतल्या आणि त्यांनी त्या लगेच दिल्या. आता त्या ट्रंकेत, रेशनकार्डाच्या खाली आहेत.