बेदाण्याचा हंगाम आणि बारावीचं वर्ष

मी परभणीच्या अन्नतंत्र महाविद्यालयात बी.टेक.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या आधीपासून बेदाणे विकते, अजूनही विकते. गाव कवठेमहांकाळ तालुक्यातलं. घरची द्राक्षबाग पाऊण एकर, बाकी रान जिरायत. दहावीत असताना पाव-पाव किलोची पाकिटं भरून विकायला लागले. आता गावाकडच्या मुली फोन करून विचारतात, ‘ताई, धंदा सांभाळून कॉलेजला कशी गेलीस?’ त्यांना जे तुकड्यातुकड्यांनी सांगत आले, ते इथं एका जागी लिहिते.

१. हंगाम परीक्षेसाठी थांबत नाही

बेदाण्याची द्राक्षं उतरतात फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. बारावीचा पेपर फेब्रुवारी-मार्चला, सीईटी एप्रिल-मेमध्ये. म्हणजे ज्या दिवसांत पुस्तक हातातून सुटायला नको, नेमकं त्याच दिवसांत घड डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून रॅकवर टाकायचे असतात. पुढं साधारण पंधरा दिवस त्यांच्यावर नजर ठेवावी लागते. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. मध्येच अवकाळीचा शिडकावा झाला की माल काळवंडतो आणि दर निम्म्यावर येतो.

गरिबाच्या पोरीला शिकायला पैसे कमी पडतात, असं सगळे धरूनच चालतात. पैसे कमी होतेच. पण मला त्याहून जास्त कमी पडत होती माणसं. ढग आल्यावर ताडपत्री ओढायला, बायकांचा रोज द्यायला, गिऱ्हाइकाचा फोन घ्यायला माझ्या जागी कोण?

आमच्या भागात आर. आर. आबांचं उदाहरण देतात. अंजनीचा मुलगा सांगलीच्या शांतिनिकेतनमध्ये ‘कमवा आणि शिका’ योजनेतून शिकला आणि उपमुख्यमंत्री झाला. खरंच आहे ते, ऐकून अंगात बळही येतं. फक्त ती गोष्ट सांगणारा कुणी विचारत नाही, की पोरगं शिकायला गेलं तेव्हा घरचं काम कुणी ओढलं.

२. मदत मागताना काम सांगावं

‘मावशी, जरा लक्ष असू द्या’ म्हटलं की मावशी ‘हो गं बाई’ म्हणतात आणि आपल्या कामाला लागतात. त्यांचा दोष नाही. लक्ष म्हणजे नक्की काय द्यायचं, ते त्यांना कुठं माहीत? मी आईच्या बचत गटाच्या बैठकीत कागद घेऊन बसले. देठ-काड्या काढून निवडणी, प्रतवारी, वजन, पाकिटाला सील, तासगावला सौद्याच्या दिवशी जाणं. प्रत्येक कामापुढं दर लिहिला आणि नावाची जागा मोकळी ठेवली. चहा संपायच्या आत बहुतेक जागा भरल्या. फुकट कुणी राबलं नाही, आणि ते बरंच झालं. फुकटच्या माणसाला ‘उद्या लवकर या’ म्हणता येत नाही.

३. शिकवणारा एकच असावा असं कुठं आहे?

मला तिघं भेटले. भौतिकशास्त्राच्या सरांनी रात्री साडेआठनंतर शिकवायचं कबूल केलं. एवढं एक वाक्य त्यांना पुरत नाही, पण ते वाचतील आणि हसतील.

दुसरे आमच्या गल्लीतले काका, जिल्हा बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी मला रोजमेळ लिहायला लावला. पहिलं पान बघून म्हणाले, “यात तुझी मजुरी कुठाय?” घरच्या माणसाच्या कष्टाला किंमत धरायची नसते, असं आमच्याकडं सगळ्या शेतीत चालतं. काकांनी माझा आणि आईचा रोज खर्चात धरायला लावला. नफ्याचा आकडा एकदम वाळला, पण माझ्या जागी दुसरं माणूस ठेवलं तर धंद्याला परवडेल का, याचं उत्तर त्या वहीतच मिळालं. परवडत होतं, काठावर का असेना.

तिसरे एक अडते. शिक्षण सातवी. मी बी.कॉम.चं बोलत होते तेव्हा ते म्हणाले, “माल का काळा पडतो, कुठला माल शीतगृहात टिकेल, हे मला हात लावला की कळतं, पण सांगता येत नाही. ते शिकून ये.” अन्नतंत्र नावाचा अभ्यासक्रम असतो, हे त्यानंतर सरांनी शोधून दिलं.

४. कागद उन्हाळ्यातच

उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रीमीलेअर. जुलैत सेतू केंद्रापुढं रांग लागते, म्हणून मे महिन्यातच अर्ज टाकावेत. ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र दाखला वेळेत हवा. अठराच्या आत करार करता येत नाही, म्हणून माझी अन्नसुरक्षेची नोंदणी आईच्या नावानं काढली. वर्षाला १०० रुपये फी.

५. सत्कारापेक्षा ऑर्डर मागावी

फी माफ झाली तरी मेस आणि वसतिगृह राहतंच. पैसे लागणार जुलै-ऑगस्टमध्ये, आणि तेव्हा घाईनं माल विकावा तर दर पडलेला. बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत बेदाणा बसतो. १८० दिवसांसाठी सहा टक्के व्याजानं कर्ज मिळतं आणि माल आपलाच राहतो. वडिलांच्या नावावर ते घेतलं, दिवाळीच्या दरात माल विकून फेडलं.

गावातल्या मंडळानं शाल-श्रीफळ द्यायचं ठरवलं होतं. मी अध्यक्षदादांना म्हटलं, शाल नको, गणपतीच्या प्रसादाची पाकिटं माझ्याकडून घ्या आणि पैसे आधी द्या. ते आधी बिचकले, मग चेष्टा केली, मग दिले. सत्कारही केलाच, तो काही चुकला नाही.

६. जागा दिली की दिली

हे मला अजून जमत नाही. परभणीहून फोनवर दर सांगायची सवय पहिल्या वर्षी सुटत नव्हती. मिरज-कुर्डुवाडी-लातूर मार्गावरच्या गाडीत रात्रभर हिशेब करत जायचं आणि घरी पोचल्यावर कळायचं, की गटातल्या वहिनींनी दर कधीच ठरवून टाकलाय. गेल्या दिवाळीला त्यांनी अर्ध्या किलोचा डबा काढला आणि मला फोटो पाठवला. विचारलं नाही. या सुट्टीत ओलावा मोजायचं यंत्र घ्यावं असं मी म्हणतेय. वहिनींचं म्हणणं, त्या पैशात आधी सीलिंगचं दुसरं मशीन येईल. रविवारी बैठक आहे. गटात आम्ही अकरा जणी, आणि मला मत एकच.