पडून राहिलेलं होडीचं इंजिन: दोरी ओढण्याआधी



खाडीकाठच्या गटांमध्ये हे चित्र नवीन नाही. कर्ज काढून होडी घेतली, मागे लावायचं पेट्रोलचं इंजिन घेतलं, दोन हंगाम चांगले गेले. मग कोणाचं आजारपण आलं, कुठे परवाना अडला, आणि इंजिन पडवीत गोणपाटाखाली गेलं. तीन-चार पावसाळे तिथेच. हप्ता मात्र दर महिन्याला चालू. मग एखाद्या बैठकीत ठरतं, "चालू करून तरी बघूया," आणि कोणाचा तरी मुलगा येऊन दोरी खेचायला लागतो.

तेवढं पहिलं थांबवा. पडून राहिलेलं इंजिन बहुतेक वेळा बिघडलेलं नसतं, सुकलेलं असतं. आतलं तेल ओघळून गेलेलं असतं, रबर कडक झालेलं असतं, पेट्रोलचा चिकटा झालेला असतो. अशात जोर लावला तर दुरुस्त होणारी वस्तू मोडते. म्हणून या अंकात दोरी ओढण्याआधी काय करायचं ते बघू. मी समाजकार्य शिकलेली, मिस्त्री नाही. पण यातलं बरंचसं काम पाना, स्क्रू-ड्रायव्हर आणि थोडा धीर एवढ्यावर होतं. वरचं झाकण काढून काम करताना पदर खोचा, वेणी वर बांधा. फिरतं चाक काही बघत नाही.

इंजिन उभं टांगा आणि प्लग काढा. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडा. दोन सिलिंडर असतील तर दोन्हीत. रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी वरचं जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, हाताने हळूच फिरवा. दोरी ज्या दिशेला फिरवते त्याच दिशेला, कारण उलटं फिरवलं तर खालच्या पाण्याच्या पंपाची रबरी पाती मुडपतात. चाक फिरलं तर अर्धी काळजी मिटली. नाही फिरलं तर परत तेल सोडा, दोन दिवस थांबा. हातोडी नको.

आता पेट्रोल. सगळ्यात जास्त इंजिनं इथेच अडतात. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते हवेतला दमटपणा ओढून घेतं. कोकणातली हवा तर तुम्हाला माहीतच आहे. पाणी फार झालं की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि नळी तळातूनच ओढते. म्हणजे इंजिनला पहिला घोट पाण्याचा! जे पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये राहून सुकलं, त्याचा चिकट थर सुईएवढ्या भोकांत बसतो. जुनं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून उजेडात धरा. रंग काळपट, वास आंबट, किंवा दोन थर दिसले की ते बाद. "नव्यात थोडं मिसळूया" असं कोणी म्हणेल, ऐकू नका. आणि ते खाडीत किंवा विहिरीजवळ ओतू नका, गॅरेजवाल्याकडे द्या. हे काम चुलीपासून लांब, उघड्यावर करा.

नळी वाकवून बघा. भेगा दिसल्या तर चिकटपट्टी लावू नका, पूर्ण नळी बदला. मधला रबरी फुगा दाबत राहिलं की घट्ट व्हायला हवा. होत नसेल तर कुठून तरी हवा शिरते आहे. कार्ब्युरेटर खोलणं मिस्त्रीवर सोडा, पण समोर बसा. जेटच्या भोकात तार घालायला लागला तर अडवा. भोक मोठं झालं की इंजिन कधीच नीट चालत नाही. तिथे क्लीनर स्प्रे आणि हवा हेच औषध.

आपल्याकडची जुनी छोटी इंजिनं बहुतेक टू-स्ट्रोक, म्हणजे तेल पेट्रोलातच मिसळायचं. बऱ्याच मॉडेलचं प्रमाण ५० ला १, म्हणजे १ लिटर पेट्रोलला २० मिली तेल. काही जुन्यांचं २५ ला १, म्हणजे ४० मिली. केरोसीनवर चालणाऱ्यांचं वेगळं. अंदाजाने ओतू नका, आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेत बघून भिंतीवर लिहून ठेवा. तेल कमी पडलं तर पिस्टन जाम होतो, जास्त झालं तर नुसता धूर.

प्लग नवाच घाला, तिथे काटकसर नको. आणि ती लाल दोरीची क्लिप जागेवर आहे ना? मनगटाला बांधायची, चालक पाण्यात पडला तर इंजिन बंद करणारी. ती नसेल तर ठिणगीच पडत नाही, आणि आपण उगाच मिस्त्रीला बोलावतो.

खाली पंख्याजवळच्या पेटीत गियर ऑइल असतं. खालचा स्क्रू सैल करून थोडं काढा. ताकासारखं पांढरट आलं तर सीलमधून पाणी शिरलंय. धातूचे कण चमकले तर गियर झिजलेत. भरताना खालच्या भोकातून भरत जा, वरच्या भोकातून बाहेर आलं की पूर्ण भरलं.

पाण्याचा पंप म्हणजे रबरी पात्यांचा इम्पेलर. वर्षानुवर्षं एकाच जागी दाबून राहिला की पाती तशीच वाकडी राहतात. तो बदलूनच घ्या. या पंपामुळेच इंजिन थंड राहतं, म्हणून पाण्याबाहेर "दोनच सेकंद" सुद्धा चालवायचं नाही.

आता ड्रम घ्या. पंखा काढून ठेवा, इंजिन मजबूत फळीला आवळा, पंख्याच्या वरची आडवी पट्टी बुडेल इतकं गोडं पाणी भरा. इंजिन न्यूट्रलमध्ये, टाकीच्या झाकणाची हवा उघडी, फुगा घट्ट, चोक ओढलेला. आता दोरी ओढा. हाताला गुंडाळून मात्र नाही. सुरुवातीला बराच धूर येईल, ते आपण सोडलेलं तेल आहे. नजर पाण्याच्या धारेवर ठेवा. मिनिटभरात मागून बारीक धार आली नाही तर लगेच बंद करा. कधी कधी त्या भोकात कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं असतं, बारीक तारेने ते निघतं.

एवढं करूनही चालू झालं नाही तर मिस्त्री बोलवा, पण आता तुम्हाला काय विचारायचं ते माहीत आहे. अंदाजपत्रक लेखी घ्या, शक्यतो दोघांकडून. बदललेले जुने भाग परत मागा. दोन्ही गोष्टी इतिवृत्तात लिहा. माझं मत विचाराल तर कार्ब्युरेटर, इम्पेलर, नळी, प्लग यावर भागत असेल तर खर्च करा. पिस्टन जाम आणि गियरही गेलेले असतील तर जुन्या चालू इंजिनाचा भाव आधी काढा, मग ठराव करा. आणि कामच बदललं असेल तर इंजिन लागतं का, हेही विचारा. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी गटाच्या ताया कांदळवन सफारी वल्ह्यांवर चालवतात.

पहिली फेरी प्रवाशांशिवाय काढा. लाइफ जॅकेट, वल्ही, नांगर सोबत ठेवा. भरती चढत असताना मुखाकडे निघा, म्हणजे इंजिन मध्येच बंद पडलं तरी पाणीच तुम्हाला गावाकडे आणेल. पर्यटक बसवण्याआधी होडीची नोंदणी आणि महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाचा परवाना चालू आहे का, ते सचिव ताईंनी तपासावं. परत आल्यावर ड्रममधल्या गोड्या पाण्यात पाच-दहा मिनिटं चालवा, मग पेट्रोलची नळी काढा आणि इंजिन आपोआप बंद होऊ द्या. कार्ब्युरेटर रिकामा होतो, पुढच्या पावसाळ्यात चिकटा धरत नाही. ड्रम जेटीजवळच ठेवा, नाहीतर दमून आल्यावर कोणी आणायला जात नाही.