डोंग्याचा तळ
(इयत्ता ७ वी)

आपला भंडारा जिल्हा तळ्यांचा जिल्हा म्हणून प्रसिद्ध आहे. शिवाय वैनगंगा आपलीच. आमच्या घरी मासेमारीचा धंदा आहे. डोंगा गळू लागला की जाळे घरी आणि चूलही थंड. म्हणून डोंग्याचा तळ कसा दुरुस्त करतात ते लिहितो.

समुद्रावरच्या शिडाच्या नावेला तळाखाली कणा असतो. वारा शिडात भरला की तो नावेला आडवी ढकलतो. पाण्यातला कणा तिला आडवी जाऊ देत नाही. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तिलाही खाली असाच कणा होता. पण उथळ पाण्यात तो वाळूत रुततो. म्हणून काही लहान नावांचा कणा दोरीने वर ओढून घेता येतो. मात्र जिथे हलणारा भाग तिथे सांधा, आणि सांधा आला की पाणी गळायची भीती आलीच.

आपल्या डोंग्याला शीड नाही, म्हणून कणाही नको. तळ सपाट. गुडघाभर पाण्यातूनही बांबूने रेटत नेता येतो. पण सांधे त्यालाही आहेत, फळीफळीचे.

उन्हाळ्यात डोंगा काठावर पालथा पडून राहिला की लाकूड वाळून आकसते आणि फटी पडतात. आमचे आबाजी म्हणतात, "लाकडाले तहान लागते बाबू, आधी त्याले पाणी पाज." डोंगा उताणा करून दोन लाकडांवर ठेवायचा आणि आत पाणी ओतायचे. जिथून बाहेर थेंब पडेल तिथे खडूची खूण करायची. हे काम माझे. नंतर हातोडीने ठोकून पाहतात. चांगली फळी टणटण वाजते, कुजलेली भदभद. खिळा सहज आत गेला तर ती फळी बदलावीच लागते. नुसते डांबर फासून कुजके लाकूड झाकणे म्हणजे शुद्ध फसवणूक आहे, असे मला वाटते.

मग डोंगा वाळवतात. ओल्या लाकडाला डांबर धरत नाही. फटीतले जुने डांबर खरवडून काढतात, सुतळी किंवा कापसाची वात पिळून बोथट पटाशीने ठोकून बसवतात आणि वरून गरम डांबर. वात फार कोंबायची नाही, कारण लाकूड पाण्यात फुगते आणि खिळे उचकटतात. लोखंडी खिळ्याच्या डोक्यावरही डांबर हवे, नाहीतर तो गंजतो आणि भोवतालचे लाकूड खातो.

गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. पूर्वी उन्हाळ्यात नदी आटायची. डोंगा गळला तरी खाली उतरून चालत काठावर येता येत होते, असे आबाजी सांगतात. आता धरणाच्या फुगवट्यात खूप आत गेल्यावर पाय टेकत नाहीत. वाऱ्याने लाटाही उठतात. डोंगा तोच, तळ तोच, पण पाणी बदलले. म्हणून बाबा आता एकही खूण सोडत नाहीत, आणि आई हवा भरलेली ट्यूब डोंग्यात ठेवल्याशिवाय जाऊ देत नाही.

दुरुस्ती झाली की डोंगा दोन रात्री काठाला बांधून ठेवतात. पहिल्या रात्री थोडे पाणी येतेच. तिसऱ्या सकाळी तळ कोरडा दिसला तर जाळे चढवतात.