पुदिन्याचा चहा आणि हनुवटीवरचे केस

प्रश्न : माझं वय २४. पाळी दोन-दोन, कधी तर तीन-तीन महिने येत नाही. हनुवटीवर राठ केस येतात. सोनोग्राफीनंतर 'पीसीओएस' असल्याचं सांगितलं आणि गोळ्या सुरू केल्या. आत्या म्हणते, गोळ्यांची सवय लागते, त्यापेक्षा रोज पुदिन्याचा चहा आणि मेथीचं पाणी घे. पुदिन्याने खरंच केस कमी होतात का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या आत्या सांगतात ते अगदीच ऐकीव नाही. पुदिन्यावर खरोखर प्रयोग झालेले आहेत. तुर्कस्तानातल्या डॉक्टरांनी चेहऱ्यावर, अंगावर जास्त केस असलेल्या २१ स्त्रियांना पाच दिवस रोज दोन कप पुदिन्याचा चहा दिला. त्यांच्या रक्तातलं मुक्त टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरकाचा कामाला लागणारा भाग, कमी झाला. हे २००७ साली प्रसिद्ध झालं. पुढे २०१० मध्ये ब्रिटनमधल्या डॉ. पॉल ग्रँट यांनी पीसीओएस असलेल्या ४२ जणींवर महिनाभराचा प्रयोग मांडला. निम्म्या जणींना पुदिना दिला, निम्म्यांना दुसराच एक साधा चहा. पुदिनावाल्यांचं टेस्टोस्टेरॉन उतरलं, आपले केस कमी झाल्यासारखं त्यांना वाटलंही. पण डॉक्टरांनी मोजमाप केलं तेव्हा केसांत नोंद घेण्याजोगा फरक नव्हता.

याचं कारण केसांच्या वाढीत आहे. हनुवटीवरची मऊ लव एकदा जाड, काळ्या केसांत बदलली की संप्रेरक उतरलं म्हणून ती लगेच परत मऊ होत नाही. एकेका केसाचं आयुष्य काही महिन्यांचं असतं. डॉक्टरांच्या गोळ्यांचाही केसांवरचा परिणाम सहा महिन्यांच्या आत जोखता येत नाही, मग महिनाभराच्या चहाने तो कुठून दिसणार? तेव्हा चहा आवडत असेल तर खुशाल घ्या. फक्त तो पानांवर उकळतं पाणी ओतून केलेला असावा. दूध-साखरेच्या चहात चार पानं टाकून प्रयोगातलं काहीच साधत नाही, साखर मात्र दोनदा पोटात जाते. आणि तोवर हनुवटीसाठी थ्रेडिंग करा, रेझर वापरा. त्याने केस दाट येतात ही समजूत चुकीची आहे. काळ्या, जाड केसांवर लेझरचाही चांगला उपयोग होतो. हे केस म्हणजे तुमच्या स्वच्छतेतली किंवा बाईपणातली उणीव नव्हे, कुणी काहीही बोललं तरी.

मेथीकडे मी जास्त आदराने पाहते. रात्री भिजवलेले दाणे सकाळी बोटांत धरले की जो बुळबुळीतपणा लागतो, तो त्यातल्या विरघळणाऱ्या तंतूंचा. जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरावी यासाठी हे तंतू उपयोगी पडतात. म्हणून नुसतं पाणी पिऊन दाणे फेकू नका, दाणे चावून खा. मधुमेहाची औषधं चालू असतील किंवा दिवस गेले असतील, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय मेथीचा मारा नको.

पीसीओएसचा साखरेशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. बहुतेक जणींमध्ये शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, मग स्वादुपिंड ते जास्त सोडत राहतं. हे जादा इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरक बनवायला लावतं आणि स्त्रीबीजांची वाढ अर्ध्यातच थांबते. सोनोग्राफीत दिसतात त्या गाठी नसतात, वाढ थांबलेले बीजपुटक असतात. मानेवर काळपट, मखमली पट्टा दिसत असेल तर तोही बहुधा याच इन्सुलिनचा.

म्हणून 'नैसर्गिक उपाय' हवा असेल तर माझं पहिलं बोट स्नायूंकडे जाईल. काम करणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर उचलतो. आठवड्याला निदान १५० मिनिटं दम लागेल असं चालणं आणि त्यातले दोन दिवस वजन उचलणं किंवा बैठका. वजन घटो न घटो, याचा फायदा होतोच. वजन जास्त असेल तर ५ टक्के उतरलं तरी पुष्कळ जणींची पाळी सुधारते. ७० किलोच्या मुलीसाठी हे साडेतीन किलो झाले. खास असा कुठला आहार इतरांहून सरस ठरलेला नाही. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी, दही हे घरचं ताट उत्तम. उपवासाला साबुदाण्याऐवजी भगर आणि दाण्याची आमटी घ्या, पण भगरही बेतानेच. बियांचे लाडू पाळीच्या तारखेप्रमाणे बदलून खायचा जो प्रकार हल्ली चाललाय, त्याला मला काही आधार दिसत नाही. तीळ-जवस चांगलेच, कधीही खा.

आता गोळ्यांची सवय. गोळ्या थांबवल्या की पाळी पुन्हा लांबते, त्यावरून लोक सवय लागली म्हणतात. प्रत्यक्षात मूळ त्रास तिथेच असतो, गोळीने तो फक्त आवरलेला असतो. तुम्हाला मेटफॉर्मिन दिलं असेल तर आत्यांना जरूर सांगा, की ते युरोपातल्या गॅलेगा नावाच्या वनस्पतीतल्या द्रव्याच्या अभ्यासातूनच पुढे आलं आणि १९५७ मध्ये फ्रान्सच्या जाँ स्टर्न यांनी ते मधुमेहावर वापरल्याचं प्रसिद्ध केलं.

तुमच्या पत्रातली मला सर्वांत खटकलेली गोष्ट केस नाहीत, ते तीन महिने आहेत. पाळी येत नाही तेव्हाही गर्भाशयाचं अस्तर वाढत राहतं. ते महिनोन्‌महिने बाहेर पडलं नाही तर पुढे त्यात नको ते बदल होऊ शकतात, क्वचित कर्करोगसुद्धा. ९० दिवस उलटले की पपई, तिळाचा काढा असले उपाय करत बसू नका. आधी गरोदरपणाची चाचणी करा, मग डॉक्टरांकडे जा. काही दिवसांच्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांनी अस्तर पडून जातं. जाताना पाळीच्या तारखा लिहून न्या, थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन तपासलंय का ते विचारा, आणि पुदिना-मेथी किती घेता तेही सांगा. गोळ्या बंद करायच्या असतील तर ती तारीखही त्यांच्याशी बोलूनच ठरवा.